गुणाकारानें घटणारी संख्या

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वैनगंगेच्या कांठीं एका शाळेंत मी गणित शिकवीत होतों, तेव्हांची गोष्ट. सहावीच्या वर्गांत ३/४ × २/३ हें उदाहरण फळ्यावर घातलें. धानाची शेती करणाऱ्या घरच्या एका मुलानें अचूक उत्तर काढलें: १/२. परंतु तो खालीं बसेना. "गुरुजी, गुणाकार केला, तर उत्तर दोहोंपेक्षां लहान कसें आलें?"

मीं म्हटलें, "अंशास अंशानें व छेदास छेदानें गुणावें, असा नियम आहे. पाठ कर." तो बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हां कांहीं विचारलें नाहीं. त्याचें तें मौन मला अद्याप बोचतें.

वास्तविक त्याचें उत्तर त्याच्याच शेतांत होतें. धानाची एक चौकोनी बांधी कल्पावी. तिचे उभे तीन सारखे पट्टे पाडून त्यांतील दोन घ्यावे. ही दोन-तृतीयांश बांधी झाली. आतां आडव्या रेषांनीं चार सारखे भाग करून, घेतलेल्या पट्ट्यांतील तीन भाग ठेवावे. सबंध बांधीचे तुकडे झाले ३ × ४ म्हणजे १२. आपल्या पदरीं आले २ × ३ म्हणजे ६. अर्थात् अर्धी बांधी. नियम कोठून आला, तें डोळ्यांस दिसलें. येथें 'गुणिले' याचा अर्थ 'चा' असा आहे. आणि तुकड्याचा तुकडा मूळ तुकड्याहून मोठा कसा होईल? आधीं आडवे भाग पाडले असते, तरी हातीं तेच सहा तुकडे येते. यासच गुणाकाराची क्रमनिरपेक्षता म्हणतात.

इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं 'लीलावती'त या भागाच्या भागाचें मोठें गमतीचें उदाहरण घातलें आहे. एका कृपणानें याचकास एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश दिला. तर किती कवड्या दिल्या? प्रथम १/२ × २/३ × ३/४ यांत सारखे अंक छेदले, कीं १/४ उरतो. त्यास १/५, १/१६ व १/४ यांनीं गुणिलें असतां १/१२८० येतो. द्रम्माचे १६ पण, पणाच्या ४ काकिणी, काकिणीच्या २० कवड्या. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. एवढ्या थाटाचें दान एका कवडीचें ठरलें!

मात्र अपूर्णांकानें गुणिल्यास संख्या नेहमींच घटते, असें मुलांनीं समजूं नये. जुन्या पिढीच्या तोंडीं असलेली पाऊणकी संख्या घटवी, तर दिडकी वाढवी. एकाहून लहान अपूर्णांकानें घट, एकाहून मोठ्यानें वाढ, आणि एकानें गुणिल्यास जैसे थे. तसेंच ३/४ व ४/३ असे परस्परांचे व्यस्त एकत्र आले, कीं गुणाकार बरोबर एक.

घरांतील वडील मंडळींस एवढीच विनंती कीं, मुलानें असें कांहीं विचारलें, तर नियम सांगण्यापूर्वीं ताटांतील अर्धी भाकरी घेऊन तिचा पाव हिस्सा मोडून दाखवावा. त्या मुलास द्यावयाचें राहिलेलें उत्तर आपल्या घरच्या मुलांस तरी वेळेवर मिळावें.