‘व्हेरी बेटर’चें मूळ

‘ही ज्वारी त्या ज्वारीहून फार चांगली’ असें धाराशिवकडील मूल सहज बोलतें; तेंच इंग्रजींत ‘व्हेरी बेटर’ लिहितें आणि वर्गांत त्याचें हंसें होतें. हें हंसणें अन्यायाचें आहे. मराठींत तुलना ‘हून’ किंवा ‘पेक्षां’ दाखवितो, विशेषण बदलत नाहीं. म्हणून ‘फार’ दोन्हीं ठिकाणीं चालतो. इंग्रजींत ‘गुड’चें ‘बेटर’ होतांच ‘व्हेरी’ जाऊन ‘मच’ किंवा ‘फार’ येतो. होय, इंग्रजींतही ‘फार बेटर’ शुद्धच! शिक्षकांनीं नियम घोकवून घेण्याआधीं हा मराठीचा धागा मुलांस दाखवावा. ‘मोअर बेटर’ मात्र ‘अधिक चांगली’ची नक्कल. शेक्सपियरच्या काळीं असलीं दुहेरी रूपें चालत. आज परीक्षक गुण कापतात.