खरखर राहू द्या!

परवा साताऱ्याला घरी गेलो, तर माळ्यावर एक जुनी कॅसेट सापडली. सांगलीकडं आजोळच्या जत्रेत एका शाहिराचा कार्यक्रम झाला होता, तो मामानं टेप केलेला. पोवाडे शाहिराच्या स्वतःच्या लेखणीतले. डफ, तुणतुणं, झीलकरी... आणि भरपूर खरखर.

आपला धंदाच सॉफ्टवेअरचा! कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, नॉईज रिडक्शन लावलं, आवाज काचेसारखा लख्ख केला. मोठ्या कौतुकानं आईला ऐकवला. ती म्हणाली, "अरे, मामा कुठं गेला?"

मागून "शाहीर, पुन्हा होऊ द्या" म्हणणारा मामा सॉफ्टवेअरच्या लेखी नॉईज होता. आज तो हयात नाही.

आपला हा मुलूख शाहिरांचा. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ वाटेगावचे, शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते कामगारांपुढं उभं राहून गाण्यासाठी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी उचलतात, पण ती पुरी होते समोरच्या माणसांत. स्टुडिओत गळा सापडेल, ही माणसं कुठून आणणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शाहिरी ऐकायची तर समोर बसून, नाहीतर अशा लाइव्ह रेकॉर्डिंगवर. तुमच्याही माळ्यावर असेल एखादी कॅसेट. उतरवून ठेवा, पण धुऊ नका.

मी ती लख्ख फाईल डिलीट केली. खरखरवाली आईच्या मोबाईलवर आहे.