खेळाला संध्याकाळ हवी

मैदानावरच्या खेळाला शेवट असतो. अंधार पडतो, चेंडू दिसेनासा होतो, दम लागतो किंवा घरातून हाक येते. कबड्डीचा सामनासुद्धा २० मिनिटांच्या दोन डावांत आटोपतो. मोबाइल आणि संगणकावरच्या खेळांत थांबण्याची अशी जागा नसते. एक सामना संपतो न संपतो तोच पुढच्या सामन्याचे बटण पडद्यावर झळकते. अपुरी झोप, दुखणारी मान, चिडचिड, उडणारे पैसे अशा गेम खेळणाऱ्यांच्या ज्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या न संपण्यात आहे. उपायही तिथूनच सुरू करावा लागतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. गेम खेळणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे, पण तिची व्याख्या काटेकोर आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तिची तीन लक्षणे. अभ्यास, नोकरी किंवा नातेसंबंध यांची मोठी हानी होत असेल आणि हे साधारण १२ महिने चालले असेल, तर निदानाचा विचार होतो. बहुतांश खेळाडू या व्याख्येत बसत नाहीत. घरात मात्र दोनच टोके दिसतात. कुठे तासभर खेळणाऱ्या मुलालाही ‘व्यसनी’ ठरवले जाते, तर कुठे ‘निदान घरात तरी आहे’ म्हणून पहाटेपर्यंतच्या जागरणाकडे काणाडोळा होतो. या दोहोंच्या मध्ये साध्या वाईट सवयी असतात. त्या आजार नव्हेत, पण निरुपद्रवीही नव्हेत. आणि त्या बदलता येतात.

त्या जडतात कशा? लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर रणगाडा चालवण्याचा खेळ खेळताना आठ पुरुषांच्या मेंदूत डोपामाइन हे रसायन स्रवत असल्याचे त्यात दिसले. हे रसायन मेंदूला ‘हे पुन्हा कर’ असे शिकवण्याचे काम करते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी त्याच्या कितीतरी आधी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते, की बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळाले, तर प्राणी ती कृती अधिक चिवटपणे करत राहतो. आजचे अनेक गेम याच तत्त्वावर बेतलेले असतात. पेटीतून काय निघेल ते ठाऊक नसते, रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते आणि एक दिवस चुकला की मालिका तुटते. खेळाडूची इच्छाशक्ती कमी पडते हे खरे, पण तिच्याविरुद्ध खेळणारी रचनाही तितकीच खरी आहे.

सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे रात्रीचा ‘शेवटचा एक सामना’. चुरशीच्या सामन्यानंतर हृदयाचे ठोके वाढलेले असतात, मन सावध असते आणि डोळ्यांवर पडलेला प्रकाश झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनला रोखतो. अशा स्थितीत दिवा मालवला तरी झोप लागत नाही. जोडीला एनर्जी ड्रिंक असेल तर भरच पडते, कारण शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे बाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेले पेय पहाटे तीनलाही अर्धे शिल्लक असते. दुसऱ्या दिवशी वर्गात किंवा कामावर लक्ष लागत नाही. एवढेच नव्हे, खेळातला निशाणाही चुकतो. ज्याला खेळात पुढे जायचे आहे, त्याला हे दुसरे कारण अधिक पटते.

शरीराच्या तक्रारी हळूहळू येतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. चार-पाच किलोंचे डोके तासन्‌तास पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवर ताण येतो. अंगठ्याच्या शिरा दुखावण्याचा प्रकारही नवा नाही. १९९० मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा एका रुग्णाची नोंद झाली आणि त्या दुखण्याला गेम-यंत्राच्या नावावरून ‘निंटेंडिनायटिस’ असे गमतीदार नाव मिळाले. पावलांचा आवाज टिपण्यासाठी हेडफोन मोठ्याने लावणाऱ्यांच्या कानांचे नुकसान मात्र भरून येत नाही. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आहे. आवाज वाढेल तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो.

तिसरी सवय रागाची. हरल्यावर लगेच पुढचा सामना लावून ‘वसूल’ करायला जाणारा खेळाडू चिडलेल्या मनाने खेळतो, पुन्हा हरतो आणि सोबत्यांना शिव्या देतो. हीच वृत्ती पैशांच्या खेळात घर बुडवते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आली. पण साध्या गेममधील पोशाख, शस्त्रांचे रंग यांवर थोडाथोडा होणारा खर्च आपल्यालाच आवरावा लागतो.

मग करावे काय? पहिला उपाय, मिनिटांऐवजी सामने मोजावेत. सांघिक खेळातला एक सामना अर्धा तास चालू शकतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. ‘पाच मिनिटांत बंद कर’ ही सूचना म्हणूनच भांडणात संपते. ‘दोन सामने, मग जेवण’ हा करार पाळता येतो. दुसरा, झोपेच्या किमान एक तास आधी खेळ थांबवावा आणि फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. तिसरा, प्रत्येक सामन्यानंतर उठावे, पाणी प्यावे, वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, मनगटे आणि मान सैल करावीत. चौथा, लागोपाठ दोनदा हरल्यास त्या दिवसापुरते थांबावे. पाचवा, गेमच्या सूचना बंद कराव्यात आणि फोनमध्ये पैसे भरण्याची सोय साठवून ठेवू नये. सवय मोडायची तर तिची जागा भरायलाही काही हवे. संध्याकाळी सायकल, मैदान किंवा मित्रांची भेट ठरलेली असेल, तर पडदा सोडणे सोपे जाते.

फोन हिसकावून घेणे हा यावरचा इलाज नव्हे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळांची बंदी केली. मुले मोबाइलवरील खेळांकडे वळली, ज्यांना हा नियम लागूच नव्हता. अखेर २०२१ मध्ये हा कायदा मागे घेण्याचे ठरले आणि वेळ ठरवण्याचे काम कुटुंबांकडे आले. सरकारी बंदीचे जे झाले, तेच घरातल्या हुकमाचे होते. नियम मुलांना सोबत घेऊन ठरवावा लागतो आणि जेवणाच्या ताटाशी फोन न आणण्याचे बंधन आईवडिलांनाही पाळावे लागते.

या उपायांना काही आठवडे प्रामाणिकपणे देऊनही ताबा येत नसेल, शाळा किंवा नोकरी सुटू लागली असेल, खेळ बंद होताच मुलगा हिंसक होत असेल किंवा जीव देण्याची भाषा करत असेल, तर उपदेश थांबवून तज्ज्ञांकडे जावे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक चालते. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. खेळामागे पुष्कळदा एकटेपणा, अपयश किंवा नैराश्य दडलेले असते आणि नुसता गेम काढून टाकल्याने ते जात नाही.

गेममध्ये आनंद आहे, कौशल्य आहे, मैत्रीही आहे. तो आनंद टिकवायचा तर खेळ कधी संपणार हे सुरू करण्याआधीच ठरायला हवे. गेम तयार करणारी कंपनी ते ठरवणार नाही. ते खेळणाऱ्याने आणि त्याच्या घरानेच ठरवायचे आहे.