चौथ्या सीटवरचा अनोळखी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले. कंबरभर पाण्यातून निघालेल्या मुंबईकरांना अनोळखी घरांनी आसरा दिला. असा विश्वास एका रात्रीत उपजत नाही. तो डब्यातल्या रोजच्या ‘जरा सरकून घ्या’मधून मुरतो. आज त्याच डब्यात बहुतेकांच्या कानांत इयरफोन आहेत. निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर यांच्या २०१४च्या अभ्यासात शेजाऱ्याशी बोललेल्या शिकागोकरांचा रेल्वेप्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला. लोकांचा अंदाज मात्र नेमका उलटा होता. स्त्रियांचा संकोच अनेकदा सकारण असतो, हे मान्य. पण ज्याला रोज चौथी सीट सरकून देतो, त्याचे नावही ठाऊक नसावे?