टनांशेजारी माणसांचा रकाना हवा

प्रति,
मा. केंद्रीय पोलादमंत्री,
नवी दिल्ली



9 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 174 किलोमीटरच्या जालना–जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. या मार्गाने ती रेल्वेच्या नकाशावर येतील. कपाशीवर वर्ष काढणाऱ्या या तालुक्याला गाडीचं अप्रूप आहेच. पण इथल्या घरांतून त्याहून मोठा एक प्रश्न विचारला जातो: रूळ येतील, त्यांच्याबरोबर काम येईल का?

रुळांचाच हिशेब मांडून पाहावा. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ, एकेरी मार्गाच्या दोन ओळी, म्हणजे सुमारे 21 हजार टन पोलाद. भिलाईत रूळ घडवणाऱ्या ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने 2023-24 मध्ये सुमारे 1 कोटी 92 लाख टन कच्चं पोलाद काढलं. त्या वेगाने जालना–जळगावच्या रुळांइतकं पोलाद अर्ध्या दिवसाच्या आत तयार होतं.

ही ताकद अभिमानाची आहे. तिच्यामागचे हात मात्र झपाट्याने घटले. 2003 च्या सुमारास ‘सेल’मध्ये 1 लाख 37 हजारांच्या आसपास कर्मचारी होते आणि उत्पादन 1 कोटी 10 लाख टनांच्या घरात होतं. 2024 मध्ये कर्मचारी उरले सुमारे 56 हजार. जुन्या भट्ट्या गेल्या, पोलाद सलग ओतलं जाऊ लागलं, स्वेच्छानिवृत्ती आली, निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. बरीच कामं कंत्राटदारांकडे गेली. हे कंत्राटी कामगार 56 हजारांत धरलेलेच नाहीत.

असं फक्त भारतात घडलेलं नाही. अमेरिकेच्या पोलाद उद्योगाने 1962 ते 2005 या काळात सुमारे चार लाख, म्हणजे तीन चतुर्थांश कामगार गमावले. कारखान्यांतून बाहेर पडणारा माल मात्र 2005 मध्ये साठच्या दशकाच्या आरंभी होता तेवढाच होता. तिथे या बदलात मोठा वाटा होता भंगार वितळवणाऱ्या छोट्या विद्युत कारखान्यांचा. 30 सप्टेंबर 2024 ला वेल्समधल्या पोर्ट टालबॉटची शेवटची झोतभट्टी टाटा स्टीलने बंद केली. तिच्या जागीही विद्युत भट्टीच येणार आहे.

आणि भंगार वितळवणारे कारखाने म्हटलं की मराठवाड्याला जालना आठवतं. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या या शहरात आज भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत जातं, बिलेट म्हणजे पोलादी ठोकळे निघतात, ते लाटून सळया होतात. भट्टीपुढे उभे असतात ते बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडून आलेले मजूर. भंगारात एखादा बंद डबा किंवा ओल राहिली, तर वितळलेलं लोखंड अंगावर उसळतं. इतकी जोखीम पत्करणाऱ्या माणसाची नोंद कंत्राटदाराच्या वहीपुरती राहते, हे मन पोखरणारं आहे. सोयगावचा पोरगा त्या भट्टीवर सहसा दिसत नाही. कौशल्य नाही हे त्याचं एक कारण. त्या कामाला भरवसा नाही, हे दुसरं आणि जास्त खरं.

2018 मध्ये भारताने पोलाद उत्पादनात जपानला मागे टाकून जगात दुसरा क्रमांक मिळवला. 2017 च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात 2030-31 पर्यंत 30 कोटी टन क्षमतेचं लक्ष्य आहे. तेव्हा मंत्रालयाने टनांशेजारी माणसांचाही रकाना छापावा: कायम किती, कंत्राटी किती, अपघातात गेले किती. त्यात जालन्यासारख्या ठिकाणच्या छोट्या भट्ट्याही याव्यात. मराठवाड्यातल्या आयटीआयमध्ये भट्टी आणि रोलिंग मिलचं काम शिकवावं, आणि शिकलेल्याला कारखान्याच्या हजेरीपटावर जागा मिळावी. जालना–जळगाव मार्गावरून पहिली गाडी धावण्याआधी एवढं व्हावं, ही विनंती.

आपला,
सोयगावचा एक रहिवासी