वडसा : रहिवाशांपलीकडच्या शहरासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली
(मार्फत : मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, देसाईगंज)

विषय : देसाईगंज (वडसा) शहराच्या सोयी ठरवताना रोज आणि हंगामात येणाऱ्या माणसांचा विचार करणे व झाडीपट्टी रंगभूमीसाठी कायमस्वरूपी व्यवस्था करणे याबाबत.

महोदय,

2011 च्या जनगणनेत देसाईगंज नगर परिषदेची लोकसंख्या 28 हजारांच्या घरात होती. पुढची जनगणना लांबली आणि शहराचा हिशेब त्याच आकड्यापाशी थांबला. प्रत्यक्षात हे गाव फक्त तिथे राहणाऱ्यांचे कधीच नव्हते. सातबारा आणि सरकारी पाट्यांवर देसाईगंज, रेल्वेच्या फलकावर आणि लोकांच्या तोंडी वडसा. इथे मुक्कामाला असणाऱ्यांपेक्षा कामाला येणाऱ्यांची वर्दळ मोठी. या वर्दळीचा विचार शहराच्या आराखड्यात व्हावा, एवढ्यासाठी येथील नागरिक, नाट्यकर्मी आणि व्यापारी हे निवेदन सादर करीत आहेत.

सुमारे 14,412 चौरस किलोमीटरच्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेमार्ग आहे तो जेमतेम 18 किलोमीटरचा, तोही या तालुक्यातून जाणारा. गोंदिया–चांदा फोर्ट–बल्लारशा मार्गावरचे वडसा हे स्थानक कुरखेडा, कोरची, आरमोरी, धानोऱ्यापासून थेट गडचिरोलीपर्यंतच्या लोकांचे स्थानक आहे. उपचारांसाठी नागपूरला निघालेला रुग्ण, भरतीच्या परीक्षेला निघालेली मुले, सुट्टीवर जाणारे जवान असे सगळे याच फलाटावर येतात. वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी. तिथले दवाखाने आणि महाविद्यालये यांच्याशी वडसाचा संबंध रोजचा. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा ही दोन्ही गावे एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे दोन्हीकडच्यांना कळून चुकले. गोसीखुर्द धरणाच्या विसर्गाची सूचना गावागावांत वेळेत पोहोचणे ही म्हणूनच इथे जिवाची गोष्ट आहे.

दुसरी वर्दळ धानाची. इटियाडोह धरणाच्या कालव्याने या पट्ट्याला पाणी दिले आणि धानाभोवती बाजार, गिरण्या, गोदामे, हमाल, वाहतूकदार अशी साखळी उभी राहिली. दिवाळीनंतर बांध्या मोकळ्या होतात, पुंजणे रचले जातात, चुरणे सुरू होते आणि शहरातली वाहतूक एकाएकी वाढते. अवकाळी पावसाचे ढग दिसले की उघड्यावर पडलेल्या पोत्यांकडे पाहून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. खरेदी केंद्रांजवळ पक्के शेड आणि ट्रक उभे करण्यासाठी वेगळी जागा, ही मागणी जुनीच आहे; ती इथे पुन्हा नोंदवून निवेदनकर्ते पुढे जातात. कारण ज्या गोष्टीमुळे वडसाचे नाव महाराष्ट्रभर गेले, तिची सरकारी कागदावर नोंद सर्वांत कमी आहे.

ती गोष्ट म्हणजे नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत भाऊबीजेच्या सुमारास मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, आणि तिथपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके होतात. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या मातीत वाढलेली ही रंगभूमी आज तिकिटावर चालते. सरकारी अनुदानावर नव्हे, प्रेक्षकांच्या खिशावर ती जगते. तिचे मुख्य ठाणे वडसा. शहरात पन्नासच्या आसपास नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. हंगामाआधी रस्त्याच्या दुतर्फा नव्या नाटकांची रंगीत पोस्टर लागतात. गावचे मंडळ चार-पाच जणांना पाठवते. ती माणसे या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतात, नायिका कोण, गाणी किती, विनोदी कलाकार कोणता हे विचारतात, भाव करतात, इसार देतात आणि तारीख पक्की करूनच परततात. मंडईच्या तारखेला नाटक ठरले नाही तर त्या गावात पाहुण्यांना काय सांगायचे, हा मोठा प्रश्न असतो. लेकी माहेरी येतात, जावई येतात, घराघरांत चूल रात्री उशिरापर्यंत पेटलेली असते. शंकरपटावरची, म्हणजे बैलांच्या शर्यतींवरची, बंदी डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने उठली आणि पट व नाटक ही जोडी पुन्हा जमली.

या रंगभूमीचा मान देशाने केला आहे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या वर भूमिका त्यांच्या नावावर आहेत. पण पद्मश्रीपर्यंत पोहोचलेल्या या कलेच्या मागे जी शेकडो माणसे उभी आहेत, त्यांचा दिवस कसा जातो ते प्रशासनाने एकदा जवळून पाहावे.

दुपारी वडसात गाडी भरते. पडदे, नेपथ्याच्या चौकटी, पेटी-तबला, दिवे, जनरेटर. त्यामागून जीपमध्ये कलाकार. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो, पहाटे खाली येतो. तोंडावरचा रंग पुसून परत गाडीत, कारण दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. नागपूर, पुणे, मुंबईहून आलेल्या आणि इथल्याही स्त्री-कलाकार पहाटे शहरात उतरतात तेव्हा त्यांना तोंड धुवायला, पाठ टेकायला हक्काची सुरक्षित जागा नसते. तालमी मिळेल त्या भाड्याच्या जागेत. अपघात झाला, आजार आला, तर हंगामाची कमाई तिथेच संपते. टाळेबंदीने तर या लोकांना हातात नारळ न देताच घरी बसवले होते. तिकीट काढून नाटक पाहणारा समाज ज्या कलाकारांनी टिकवून ठेवला, त्यांना साध्या ओळखपत्रासाठी खेटे घालावे लागू नयेत.

रस्ता जंगलाचा आहे, हेही विसरून चालत नाही. सीटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद झाला. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून त्याने 13 माणसांचे जीव घेतले होते. 2021 पासून छत्तीसगडच्या बाजूने आलेले रानटी हत्ती धानाचे पुंजणे उधळतात. शेकडो प्रेक्षक रात्री पायी, सायकलने, मोटारसायकलने नाटकाला येतात आणि अंधारातच परततात. गावात प्रयोग ठरल्याचे वनविभागाला आधी कळले, त्या रात्री त्या वाटेवर गस्त असली, तर अनेक घरांची झोप शांत होईल.

म्हणून नागरिकांची मागणी अशी. वडसात झाडीपट्टी नाट्यसंकुल उभे राहावे : तालमीसाठी परवडणारी दालने, साहित्य ठेवायला कोठार, स्त्री-कलाकारांसाठी स्वतंत्र विश्रांतिगृह आणि जुन्या संहिता, पोस्टर, छायाचित्रे जपणारा एक कक्ष. त्या संहितांची हस्तलिखिते कोणाच्या तरी पेटाऱ्यात वाळवी खात आहेत. इमारतीला वेळ लागणार असेल तर निदान त्यांचे जतन गोंडवाना विद्यापीठाच्या मदतीने या वर्षीच सुरू करावे. कलाकार, तंत्रज्ञ, वादक यांची नोंदणी करून त्यांना विम्याचे कवच द्यावे. प्रयोग रात्रभर चालतो आणि रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाला कायद्याची मर्यादा आहे. मंडळे नियम पाळायला तयार आहेत, पण दर गावाला वेगळे उत्तर मिळते. परवानग्या एका खिडकीवर, हंगामाआधी आणि लेखी मिळाव्यात.

याच वेळी शहर बदलण्याच्या उंबरठ्यावर आहे. वडसा–गडचिरोली हा सुमारे 52 किलोमीटरचा मार्ग, ज्याचा निम्मा खर्च राज्य उचलते, पूर्ण झाला की वडसा जंक्शन होईल. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशा दुहेरीकरणालाही मंजुरी दिली. गाड्या वाढतील, माणसे वाढतील. स्थानकाबाहेरचा रस्ता, रिक्षातळ, स्वच्छतागृहे, रात्रीच्या गाड्यांना जोडणारी एसटी, हे सगळे रूळ टाकून झाल्यावर सुचण्यात अर्थ नाही. शहराच्या विकास आराखड्यात ही संख्या आत्ताच धरावी आणि त्यासाठी नगर परिषदेने रोजच्या व हंगामी ये-जा करणाऱ्यांची मोजणी करावी.

वरील विषयांवर नगर परिषद, वनविभाग, पोलीस, एसटी, रेल्वे आणि नाट्यमंडळांचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक दसऱ्यापूर्वी वडसा येथे बोलवावी आणि तिची तारीख निवेदनकर्त्यांना लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
देसाईगंज (वडसा) शहरातील नागरिक, नाट्यकर्मी व व्यापारी

प्रतिलिपी :
मा. उपवनसंरक्षक, वडसा वनविभाग
मा. मंडळ रेल्वे व्यवस्थापक, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, नागपूर
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मुंबई