नोंद सगळ्याची, हाक वेळेवर

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारा जिल्हा विसरलेला नाही. नदीची पातळी एरवीही मोजली जाते, लिहून ठेवली जाते. पण म्हणून रोज कोणी भोंगा वाजवत नाही. पाणी इशारा पातळीला आलं की काठची माणसं सावध होतात. धोका पातळी ओलांडली की घर सोडावं लागतं.

आपल्या घरांतली जी मुलंमुली वेबसाइट बनवायला शिकत आहेत, त्यांनाही हाच हिशेब शिकावा लागतो. वेबसाइट चालताना आत काय घडलं, ते एका फाइलमध्ये लिहिलं जातं. तिला लॉग म्हणतात. प्रत्येक नोंद किती गंभीर आहे, हे तिच्या पातळीवरून कळतं. पायथॉनमध्ये अशा मुख्य पाच पातळ्या आहेत.

समजा, तुमसरचा एक व्यापारी वेबसाइटवरून तांदूळ विकतो. बिल करताना कोणता भाव धरला, बेरीज किती आली, हे बारीकसारीक तपशील डीबगमध्ये. ऑर्डर आली, पैसे जमा झाले, ही इन्फो. बँकेचं उत्तर पहिल्यांदा आलं नाही, दुसऱ्या प्रयत्नात आलं, तर वॉर्निंग: काम झालं, पण लक्ष हवं. ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदलीच गेली नाही, ही एरर. डेटाबेसच बंद पडला, म्हणजे दुकानच बंद, ती क्रिटिकल.

पायथॉनमध्ये तुम्ही काही ठरवलं नाही, तर वॉर्निंग आणि त्यावरच्याच नोंदी दिसतात. 'माझी इन्फो कुठे गेली?' असं नवशिके विचारतात, त्याचं कारण हे.

खरी कसोटी पातळी निवडण्यात आहे. ग्राहकाने पासवर्ड चुकीचा टाकला आणि वेबसाइटने त्याला अडवलं, तर ती एरर नव्हे. वेबसाइटने आपलं काम चोख केलं. इन्फो पुरे. पण एकाच खात्यावर मिनिटभरात शंभर वेळा तसं झालं, तर वॉर्निंग हवी. कोणीतरी कुलूप चाचपतो आहे.

सगळ्यालाच एरर म्हटलं तर काय होतं? रात्रीतून चाळीस वेळा फोन वाजतो. चार दिवसांनी माणूस कंटाळून आवाज बंद करतो. पाचव्या दिवशी खरोखरच कोणाचे तरी कष्टाचे पैसे अडकतात आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून प्रत्येक नोंद लिहिताना स्वतःला विचारा: यासाठी कोणाला झोपेतून उठवायचं, सकाळी सांगितलं तर चालेल, की नुसतं लिहून ठेवलं तरी पुरे?

आणि पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा नंबर कोणत्याही पातळीवर लॉगमध्ये लिहू नका. लॉगची फाइल अनेकांच्या हाती जाते, आणि ग्राहकाची माहिती आपल्याकडे अमानत असते.